४९१ व्हिसा वापरून कसा वाटला: ॲडलेडहून लांबलचक रिव्ह्यू

लोक मिक्सरचे रिव्ह्यू टाकतात, मी व्हिसाचा टाकतोय. पैसे मिक्सरपेक्षा कैक पटीने जास्त गेलेत आणि गॅरंटी मिक्सरपेक्षा कमी मिळाली, त्यामुळे बोलायचा हक्क बनतो. प्रॉडक्टचं नाव सबक्लास ४९१, ऑस्ट्रेलियाचा स्किल्ड वर्क रीजनल व्हिसा. पाच वर्षांचा, कागदोपत्री तात्पुरता, पण नीट वागलात तर शेवटी पीआरकडे (तिथे कायमचं राहायच्या परवानगीकडे) नेणारा. मी, बायको आणि पोरगी २०२३ मध्ये चिंचवडहून ॲडलेडला आलो आणि आता १९१ ची, म्हणजे याच्याच पुढच्या पीआर व्हिसाची, कागदं गोळा करणं चालू आहे. त्यामुळे चांगलं वाईट दोन्ही बघून झालंय.

रेटिंग आधीच सांगून टाकतो, पाचपैकी चार. एक स्टार का कापला ते पुढे येईलच.

हा रिव्ह्यू मुख्यतः कोणासाठी, तर ज्यांचे पॉइंट ८०-८५ ला येऊन अडकलेत, वय तिशी ओलांडून गेलंय, घरात एखादं पोर आहे आणि रोज रात्री जेवण झाल्यावर "कॅनडा की ऑस्ट्रेलिया की जर्मनी" यावर नवरा-बायकोची तीच चर्चा चालते. पंचविशीतल्या एकट्या माणसाचं गणित वेगळं असतं, त्याला चुकीचा रस्ता धरला तरी मागे फिरायला वेळ असतो.

आधी थोडी ओळख करून देतो कारण १८९, १९०, ४९१ हे आकडे ऐकून नवीन माणूस गांगरतो. तिन्हीला पॉइंट सिस्टीम एकच आहे, किमान ६५ लागतात, पण ६५ वर अर्ज करायला कोणी बोलावत नाही हे पहिल्याच दिवशी लक्षात घ्या. १८९ म्हणजे कोणाच्या उपकाराशिवाय थेट पीआर. १९० म्हणजे एखाद्या राज्याने तुम्हाला नॉमिनेट केलं, त्याचे ५ पॉइंट जास्त, हाही थेट पीआर. ४९१ म्हणजे राज्याने नॉमिनेट केलं आणि तुम्ही रीजनल भागात राहायचं कबूल केलं, त्याचे १५ पॉइंट जास्त, पण पीआर लगेच नाही, तीन वर्षांनंतर. (४९१ ला रीजनल भागातला नातेवाईक पण स्पॉन्सर होऊ शकतो, ज्यांचा सख्खा भाऊ वगैरे तिकडे आहे त्यांनी ते बघा.)

आता माझे पॉइंट सांगतो म्हणजे कळेल गाडी कुठे अडते. वय २५ ते ३२ मध्ये असेल तर ३०, बीई कॉम्प्युटरचे १५, पीटीई या इंग्लिशच्या परीक्षेत सुपीरियर लेव्हल म्हणून २०, बायकोचं इंग्लिश काँपिटंट म्हणून ५. आणि अनुभव. आयटीवाल्यांच्या डिग्री-अनुभवाचं असेसमेंट करते ती एसीएस नावाची संस्था, ती तुमच्या अनुभवातली पहिली काही वर्षं सरळ कापते. डिग्री आणि काम एकमेकांना जुळत असेल तर दोन, नीट जुळत नसेल तर चार. कॅम्पसमधून लागलो तेव्हापासूनचे नऊ वर्षं धरून बसलो होतो त्याचे सात झाले. पाच ते सात वर्षांना १०, आठ आणि पुढे १५. म्हणजे अजून एक वर्ष थांबलो की ५ वाढणार, पण तेवढ्यात मी ३३ चा होणार आणि वयाचे ३० वरून २५ होणार. इकडून ५ आले की तिकडून ५ गेले. आयटीतल्या निम्म्या पोरांचं घोडं इथेच अडतं आणि एक्सेल शीट कितीही रंगवली तरी आकडा हलत नाही.

हे झाले ८०. त्यात मराठीचे ५ मिळवले. हे खूप जणांना अजून माहीत नसतं म्हणून जरा सविस्तर सांगतो, एनएएटीआय या भाषांतरकारांच्या संस्थेची सीसीएल नावाची परीक्षा असते आणि तिच्या भाषांच्या यादीत मराठी आहे. दोन संवाद ऐकवतात, एक माणूस इंग्लिश बोलतो, दुसरा मराठी, प्रत्येक वाक्य तुम्ही उलट्या भाषेत सांगायचं. भाडेकरू आणि एजंट, पेशंट आणि डॉक्टर, शाळेत आलेली आई आणि शिक्षिका असले विषय. एकूण ९० मार्क, पास व्हायला ६३, आणि दोन्ही संवादांत वेगवेगळे किमान २९ पाहिजेत म्हणजे एकात फुल आणि दुसऱ्यात झोपलात तर नापास. परीक्षा ऑनलाइन असते, नोट्स काढायला परवानगी आहे. फी चांगली आठशे डॉलरच्या घरात आहे, पण ५ पॉइंटसाठी यापेक्षा सोपा रस्ता दुसरा नाही. मी रोज ऑफिसवरून आल्यावर बायकोला इंग्लिश बातम्या वाचायला लावून त्या मराठीत सांगायचो, पोरगी बाजूला बसून आमची नक्कल करायची. पहिल्या फटक्यात निघाली.

एकूण ८५. आणि ८५ ला १८९ मध्ये आयटीवाल्याला कुत्रं विचारत नाही, माझ्याच कामाच्या कोडचे लोक नव्वदीच्या वर असून वाट बघत बसलेले. बरं वाट बघून फायदा असता तर गोष्ट वेगळी. २०२३-२४ मध्ये १८९ ला ३०,३७५ जागा होत्या, २०२४-२५ मध्ये सरकारने त्या १६,९०० वर आणल्या. नर्स, शिक्षक, बांधकामातले लोक यांना प्राधान्य आणि ते बरोबरही आहे, त्यांच्याकडे खरंच माणसं नाहीत, सॉफ्टवेअरवाले मात्र रांगेत पोत्याने उभे आहेत. ४९१ चे १५ धरले की माझे १०० झाले. एका रात्रीत मी रांगेच्या मागच्या टोकावरून पुढे आलो.

एजंटबद्दल बोलायला पाहिजे कारण रिव्ह्यू वाचणारा निम्मा वर्ग त्याच कामासाठी आलेला असणार. पुण्यात एका मोठ्या कन्सल्टन्सीत आम्ही दोघं गेलो होतो, नाव घेत नाही, तसल्या बऱ्याच आहेत. काचेची केबिन, टेबलावर पाच देशांचे छोटे झेंडे, समोर पंचविशीतली मुलगी, जी माझं शिक्षण विचारायच्या आधी बजेट विचारत होती. पहिल्या दहा मिनिटांत कॅनडा "गॅरंटीड" झाला. भिंतीवर फ्रेम करून एक्स्प्रेस एंट्रीच्या, म्हणजे कॅनडाच्या पॉइंट सिस्टीमच्या, ड्रॉचा कागद लावलेला, स्कोअर फक्त ७५! हा ड्रॉ खरा आहे, १३ फेब्रुवारी २०२१ चा, सत्तावीस हजारांवर लोकांना बोलावलं होतं. पण तो कॅनेडियन एक्स्पिरियन्स क्लासचा होता, म्हणजे जे आधीच कॅनडात काम केलेले आहेत त्यांच्यासाठी, कोविडमध्ये बाहेरून माणसं येऊ शकत नव्हती म्हणून. चिंचवडात बसलेल्या माणसाचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. हे मी विचारलं तर "सर ते टेक्निकल आहे, आमची प्रोसेस टीम बघेल". करारात फी तीन हप्त्यांत आणि खाली बारीक अक्षरात रिफंड नाही. आम्ही चहा पिऊन उठलो. नंतर दोन महिने रोज फोन येत होता, "सर ऑफर आज रात्री बाराला संपतेय".

त्यानंतर एका ऑस्ट्रेलियातल्या रजिस्टर्ड मायग्रेशन एजंटचा एक तास पैसे देऊन घेतला, व्हिडिओ कॉलवर. रजिस्टर्ड म्हणजे त्याच्याकडे सात आकडी मार्न नंबर असतो आणि तो नंबर सरकारी रजिस्टरवर कोणालाही फुकट तपासता येतो. ऑस्ट्रेलियात बसून व्हिसाचा सल्ला द्यायचा तर हे रजिस्ट्रेशन किंवा वकिलीची सनद लागते, भारतात बसून देणाऱ्यावर मात्र तसं बंधन नाही, फट इथेच आहे. कन्सल्टन्सीत गेलात तर एकच प्रश्न विचारा, माझी फाइल कोणाच्या मार्न नंबरवर जाणार. उत्तराला जेवढा वेळ लागेल तेवढा तुम्ही दाराकडे सरका. त्या तासात त्या एजंट बाईंनी मला झेंडे दाखवले नाहीत, वय विचारलं, वाढदिवस कधी ते विचारलं, एसीएसचं लेटर स्क्रीनवर उघडायला लावलं आणि म्हणाल्या तुमच्याकडे ३३ व्या वाढदिवसापर्यंत वेळ आहे, पॉइंट इन्व्हिटेशनच्या दिवशीचे धरतात, अर्ज भरायच्या दिवशीचे नाही, तेवढ्यात जे राज्य परदेशातल्या लोकांना घेतंय ते पकडा. २०२२ मध्ये साऊथ ऑस्ट्रेलियाने ऑस्ट्रेलियाबाहेर बसलेल्यांसाठी यादी मोठी उघडली होती, तिथे नंबर लावला. राज्यांच्या याद्या दर आर्थिक वर्षाला, म्हणजे जुलैपासून, नव्याने निघतात आणि कोटा संपला की मध्येच बंद होतात, त्यामुळे मागच्या वर्षी शेजाऱ्याला जे मिळालं ते यावर्षी तुम्हाला मिळेल असं धरून चालू नका. पुढची फाइल आम्ही स्वतःच भरली.

कागदपत्रांमध्ये नाकी नऊ आणणारी एकच गोष्ट, अनुभवाचं पत्र. ऑस्ट्रेलियाला पाहिजे असतं की तू रोज नेमकं काय काम करायचास ते लेटरहेडवर लिहून द्या, आणि आपल्याकडच्या मोठ्या कंपन्यांचा एचआर देतो दोन ओळी, हे गृहस्थ अमुक ते अमुक तारखेपर्यंत अमुक पदावर होते, पुढील वाटचालीस शुभेच्छा. कितीही मेल करा, "ॲज पर पॉलिसी" हेच उत्तर. मग जुन्या मॅनेजरला गाठायचं. माझा मॅनेजर तोपर्यंत ती कंपनी सोडून हिंजवडीत दुसरीकडे गेला होता, त्याला शनिवारी शिवाजीनगर कोर्टाजवळ बोलावलं, शंभराच्या स्टॅम्प पेपरवर माझ्या कामाचं ॲफिडेव्हिट, नोटरीचा शिक्का, जोडीला माझ्या पगाराच्या स्लिपा आणि फॉर्म १६. त्याने सही करायच्या आधी पूर्ण वाचलं आणि विचारलं, "अरे हे सगळं तू करायचास?" मिसळ मी दिली. चालू नोकरीतून निघायच्या आधीच हे करून ठेवा, राजीनाम्यानंतर कोणी फोन उचलत नाही.

बायकोच्या इंग्लिशबद्दल एक टीप, जोडीदाराचे ५ पॉइंट नको असतील तरी फंक्शनल इंग्लिशचा पुरावा लागतोच, तो नसेल तर जवळजवळ व्हिसा फीएवढाच वेगळा चार्ज लावतात. पदवी इंग्रजी माध्यमातून झाली असेल तर कॉलेजच्या पत्रावर काम होतं. आणि हो, एकट्या माणसाला एकटा असल्याचे १० पॉइंट मिळतात. माझ्या सासूबाईंना हे अजून सांगितलेलं नाही.

आता खर्च. आजच्या घडीला मुख्य अर्जदाराची फी पाच हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपास, जोडीदाराची त्याच्या निम्मी, पोराची पाव. ती दर जुलैला थोडी वाढते. त्यात असेसमेंट, पीटीई, सीसीएल, राज्याची नॉमिनेशन फी, मेडिकल, पीसीसी (पोलिसांचा दाखला) धरा. पीटीईवाल्यांसाठी सूचना, ७ ऑगस्ट २०२५ पासून सगळीकडे ७९ हा जुना हिशोब गेला, आता प्रत्येक मॉड्यूलचा आकडा वेगळा आहे आणि सुपीरियरला स्पीकिंगमध्ये ८८ लागतात. जुने व्हिडिओ बघून तयारी करणाऱ्यांनी तारीख बघून बघा.

बरं आता प्रत्यक्ष वापर.

"रीजनल" ऐकून आमच्या गावाकडे सगळ्यांनी धरून चाललं की आम्ही कुठल्यातरी कांगारूंच्या माळावर चाललोय. तसं नाहीये. सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन ही तीन सोडली तर व्हिसाच्या भाषेत बाकी जवळजवळ सगळा देश रीजनल आहे, त्यात ॲडलेड, पर्थ, कॅनबेरा, होबार्ट, गोल्ड कोस्ट, अगदी मेलबर्नपासून तासाभरावरचं जिलाँग पण येतं. ॲडलेड चांगलं तेरा-चौदा लाखांचं शहर आहे. शहरातली ट्राम फुकट, समुद्र अर्ध्या तासावर, भारताशी साधारण चार तासांचा फरक (इथल्या उन्हाळ्यात पाच), त्यामुळे संध्याकाळी आईला फोन केला तर ती दुपारच्या झोपेतून उठलेली असते. गणपतीला मंडळात एवढी गर्दी की पार्किंग मिळत नाही.

पहिला त्रास घराचा झाला. २०२३ मध्ये ॲडलेडला भाड्याची घरं जवळजवळ नव्हतीच, शनिवारी घर दाखवतात तर बाहेर रांग, आणि आपल्याकडे इथली रेंटल हिस्टरी शून्य. दुसरा त्रास नोकरीचा. आयटीचं मार्केट लहान आहे. पहिल्या बऱ्याच कॉल्समध्ये एचआरला ४९१ म्हणजे काय हेच माहीत नव्हतं, त्याला वाटायचं याला स्पॉन्सर करावं लागणार. मी मग रेझ्युमेवर व्हिसाच्या नंबरऐवजी सरळ लिहायला लागलो की साऊथ ऑस्ट्रेलियात कामाचे पूर्ण अधिकार आहेत, स्पॉन्सरशिप नको, आणि सोबत व्हेवोची, म्हणजे व्हिसा तपासायच्या सरकारी साइटची, पीडीएफ जोडायचो. तेव्हापासून फोन पुढे सरकायला लागले. शेवटी नोकरी लागली ती सिडनीत हेड ऑफिस असलेल्या कंपनीत, पण मी बसतो ॲडलेडलाच. हे चालतं, कंपनी कुठलीही असो, तुम्ही राहायचं आणि बसून काम करायचं रीजनल भागातच. ही अट घरातल्या सगळ्यांना लागू आहे, मी इथे आणि बायको मेलबर्नला असं जमत नाही. सुट्टीला मेलबर्नला जाऊन या, कोणी अडवत नाही.

एक गोष्ट कंपन्यांच्या नादात कळली ती फार कोणी सांगत नाही. ॲडलेडला इंजिनिअरिंगचं सगळ्यात मोठं काम डिफेन्सचं आहे, ऑस्बोर्नला जहाजं बांधतात, पुढे अणुपाणबुड्या पण तिथेच बांधायच्यात. जाहिराती बघून तोंडाला पाणी सुटतं. पण त्यातल्या बहुतेक जागांना सिक्युरिटी क्लिअरन्स लागतो आणि त्याला नागरिकत्व लागतं. म्हणजे शहरातलं अर्धं ताट आपल्यासमोर झाकलेलं. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकलवाल्यांनी राज्य निवडताना हे आधी बघावं.

कापलेला एक स्टार घरावरून. १ एप्रिल २०२५ पासून सरकारने तात्पुरत्या रहिवाशांना जुनं म्हणजे आधी बांधलेलं घर विकत घ्यायला बंदी घातलीय, आणि ४९१ वाला त्यात मोडतो. नवीन बांधकाम घेता येतं पण त्याला परदेशी गुंतवणुकीची वेगळी परवानगी आणि वेगळी फी. टॅक्स पूर्ण भरतोय, पोरगी इथल्या शाळेत जाते, राज्यानेच म्हटलं या आमच्याकडे राहा, आणि घर घ्यायला गेलं की तुम्ही परदेशी. मेडिकेअर मात्र पहिल्या दिवसापासून मिळतं, हे मान्य केलं पाहिजे, पोरीच्या दवाखान्याला आम्ही वेगळा इन्शुरन्स काढला नाही.

दुसरी अडचण, या व्हिसावर एकदा आलात की पहिली तीन वर्षं १८९, १९० किंवा कंपनीने स्पॉन्सर करायच्या पीआर व्हिसात, म्हणजे १८६ मध्ये, उडी मारता येत नाही. माझ्या कंपनीने वर्षभरात स्वतःहून विचारलं, स्पॉन्सर करू का, आणि मला हात जोडून नको म्हणावं लागलं.

आता जी गोष्ट कळल्यावर माझं मत पक्कं झालं ती. सगळे म्हणतात ४९१ ने तीन वर्षं वाया जातात. नागरिकत्वाचा नियम काय आहे बघा, अर्जाच्या आधीची चार वर्षं कायदेशीर राहिलेलं पाहिजे आणि त्यातलं शेवटचं एक वर्ष पीआर म्हणून. पहिल्या तीन वर्षांत तात्पुरत्या व्हिसावर राहिलेलं पण धरतात. म्हणजे १८९ घेऊन उतरलेला माणूस चार वर्षांनी अर्ज करणार, आणि मी तीन वर्षं ४९१, मग १९१ हातात यायला लागेल तेवढा वेळ, मग एक वर्ष पीआर. फरक पडतो तो फक्त १९१ च्या प्रोसेसिंगचा. आणि १८९ ची वाट बघत चिंचवडात जे दोन-तीन वर्षं काढतायत त्यांचा मीटर तर अजून सुरूच झालेला नाही. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागणं यालाच म्हणतात.

बाकीच्या दुकानांतला माल पण बघितला होता, थोडक्यात सांगतो. अमेरिका, भारतीयांची ईबी-२ ची (नोकरीवरच्या ग्रीन कार्डची) रांग कुठे आहे ते बघा आणि गप्प बसा, एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा असेपर्यंत आपला नंबर म्हातारपणी. कॅनडा, नियम सारखे हलतात, २५ मार्च २०२५ पासून जॉब ऑफरचे पॉइंट काढून टाकले, लोकांनी त्यासाठी काय काय करून ठेवलं होतं. फ्रेंच येत असेल तर मात्र कॅनडा आजही भारी आहे, त्यांचे वेगळे ड्रॉ निघतात. यूके, आता पाच वर्षांत सेटलमेंट (तिकडचा पीआर) असं सांगून लोक गेले आणि मे २०२५ च्या व्हाइट पेपरमध्ये सरकारने ते दहा करायचा प्रस्ताव मांडला. जर्मनी मला खरंच आवडला होता, ब्लू कार्डवर (पदवीधरांच्या नोकरीच्या परवान्यावर) बी १ लेव्हलचं जर्मन असेल तर २१ महिन्यांत सेटलमेंट, ए १ वर २७ महिन्यांत, म्हणजे बरंच जलद. महाराष्ट्र सरकारने पण २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याबरोबर कुशल माणसं पाठवायचा करार केलाय, नर्सिंग, इलेक्ट्रिशियन वगैरेंनी तिकडे लक्ष ठेवावं. पण बी १ म्हणजे मॅक्सम्युलर भवनात नियमित बसायला पाहिजे आणि बायकोला तिकडे नोकरीसाठी त्याच्याही पुढचं जर्मन लागलं असतं, तिथे आमच्या घोड्याने पेंड खाल्ली.

ऑस्ट्रेलियातलाच दुसरा रस्ता म्हणजे कंपनीने आणणं, जुना ४८२, ७ डिसेंबर २०२४ पासून त्याला स्किल्स इन डिमांड म्हणतात. दोन वर्षं काम केलं की कंपनी १८६ ला नॉमिनेट करू शकते, म्हणजे कागदावर ४९१ पेक्षा जलद. आणि आता नियम बराच सुधारलाय, नोकरी गेली तर नवीन स्पॉन्सर शोधायला एका वेळी १८० दिवस मिळतात, पूर्वी ६० होते. तरीपण दोरी कंपनीच्या हातात. "करू शकते" म्हणजे "करेल" नाही. माझ्या ओळखीतला एकजण दोन वर्षं झाल्यावर मॅनेजरला विचारतोय, मॅनेजर म्हणतो पुढच्या बजेटमध्ये बघू, आणि तो पगारवाढ मागत नाही, रजा मागत नाही, शनिवारी पण लॅपटॉप उघडतो. ४९१ ने मला जागेला बांधलं, मालकाला नाही. मी इथे एक नोकरी सोडून दुसरी धरलेली आहे, कोणाला विचारलं नाही, इमिग्रेशनला फक्त कामाच्या जागेचा नवीन पत्ता १४ दिवसांच्या आत कळवायचा असतो. पोरं-बाळं असलेल्या माणसाला हे फार मोठं आहे, आणि एजंट लोक तक्ता काढून देश समजावतात त्यात हा रकानाच नसतो.

कोणी घेऊ नये तेही सांगतो. पॉइंट ९५ च्या वर असतील तर आधी १९० साठी नेट लावा. काम असं असेल की ते फक्त सिडनी-मेलबर्नलाच मिळतं, बँकिंगच्या आतल्या गोष्टी वगैरे, तर इथे येऊन भलतंच काम करत बसाल. आणि नवरा-बायको दोघांचं करिअर तेवढंच जोरात असेल तर दोघांच्या नोकऱ्या त्या राज्यात आहेत का हे आधी सीक या नोकऱ्यांच्या साइटवर महिनाभर बघा. उलट ज्यांचं वय ४० च्या पुढे गेलंय आणि वयाचे २५ चे १५ झालेत त्यांना हे १५ पॉइंट म्हणजे शेवटची बस आहे, ४५ ला दार बंद.

आणखी एक, व्हिसा मिळाल्या दिवसापासून पाच वर्षं मोजली जातात, तुम्ही उतरल्या दिवसापासून नाही. बरेच लोक ग्रँट आली की पेढे वाटून मग वर्षभर बोनसची, फ्लॅटच्या ताब्याची, भाच्याच्या लग्नाची वाट बघत बसतात. लवकर निघा.

१९१ चं सोपं आहे. व्हिसा तीन वर्षं धरलेला पाहिजे, रीजनलची अट पाळलेली पाहिजे, तीन आर्थिक वर्षांच्या टॅक्स ऑफिसच्या नोटीस ऑफ असेसमेंट पाहिजेत. किमान कमाईची अट नाही. पॉइंट नाहीत, नवीन स्किल असेसमेंट नाही. आम्ही पहिल्या दिवसापासून घराचे करार, लाइट बिलं, पगाराच्या स्लिपा एका फोल्डरमध्ये टाकत गेलो. सरकारी फी पाचशे डॉलरच्या आसपास. परवा एका एजंटने याच कामाचं कोटेशन पाठवलं, सरकारी फीच्या पाचपट, वर "अर्ली बर्ड डिस्काउंट". या कामाला एजंट लागत नाही. हां, मध्येच राज्य बदललं असेल, बराच काळ भारतात राहिला असाल किंवा नवरा-बायको वेगळे झाले असाल तर एक तासाचे पैसे देऊन नीट विचारा, मार्न नंबर बघून.